किरण: नावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं नाव किरण. मी शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवते. बाळाचं नाव ठरवायची वेळ आली की ओळखीतले आणि त्यांच्याही ओळखीतले लोक मला प्रश्न पाठवतात. त्यातले निम्मे तरी माझ्याच नावाबद्दल असतात. दर वेळी तेच लिहिण्यापेक्षा उत्तरं एकदा नीट मांडून ठेवते आहे. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, कागदपत्रांची आणि लग्नाची गुंतागुंत नंतर.

किरण या नावाचा अर्थ काय?

उन्हाची तिरीप, प्रकाशाची रेघ. सूर्याचा, चंद्राचा, दिव्याचा, कशाचाही उजेड सरळ रेषेत येतो तो किरण. अमरकोशात या अर्थाचे शब्द एका ओळीत गुंफले आहेत: किरण, उस्र, मयूख, अंशु, गभस्ति, घृणि, रश्मि, आणि पुढे भानु, कर, मरीचि, दीधिति. त्यातल्या मयूख, अंशू, रश्मी, दीधिती यांची आज नावं झाली आहेत. किरण मात्र त्या सगळ्यांत घरगुती. 'आशेचा किरण' हे शाळेत न गेलेल्या माझ्या आजीच्याही बोलण्यात यायचं. नावाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही, हे मला या नावाचं मोठंच बळ वाटतं.

हा शब्द आला कुठून?

संस्कृतातल्या 'कॄ' या धातूपासून. त्याचं रूप 'किरति', म्हणजे तो विखुरतो, उधळतो, पसरतो. विकीर्ण, प्रकीर्ण, संकीर्ण हे शब्द याच घरचे. तेव्हा किरण म्हणजे मुळात 'जे विखुरलं जातं ते'.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. ऋग्वेदात या शब्दाचा एक अर्थ 'धूळ', 'धुळीचा बारीक कण' असाही आहे. उजेड आणि धूळ यांचा काय संबंध, असं वाटेल. पण ज्यांनी कौलारू घर पाहिलं आहे त्यांनी आठवून बघा. दुपारी काचेच्या कौलातून माजघरात कवडसा उतरायचा. जमिनीवर उन्हाचा चौकोन, आणि कौलापासून त्या चौकोनापर्यंत हवेत एक तिरका पट्टा. त्या पट्ट्यात असंख्य कण वर-खाली तरंगत असायचे. आई सूप पाखडायला बसली की तो पट्टा एकदम दाट व्हायचा, हात लावावा इतका. धूळ नसेल तर किरण बाजूने दिसतच नाही. अशा कवडशात दिसणाऱ्या कणाला आपल्या जुन्या ग्रंथांनी 'त्रसरेणू' असं नाव देऊन वजनमापांची सुरुवात त्याच्यापासून केली आहे. किरण आणि रज एकाच शब्दात राहिले, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

'किरण' लिहायचं की 'किरन'? आणि 'कि' ऱ्हस्व की दीर्घ?

मराठीत 'किरण'. कि ऱ्हस्व, ण बाणातला. संस्कृतात र, ष किंवा ऋ नंतर येणारा न ठरावीक परिस्थितीत ण होतो. चरण, मरण, हरण, तोरण यांत जे घडलं तेच इथे घडलं. पंजाबीत हेच नाव बरेचदा न वापरून लिहितात आणि ते त्यांच्या भाषेत बरोबर आहे. मराठी जन्मदाखल्यावर मात्र 'किरन' पडू देऊ नका. पुढे शाळेच्या दाखल्यावर 'किरण' आणि जन्मदाखल्यावर 'किरन' असा घोळ झाला की एका टिंबाएवढ्या फरकासाठी खेटे घालावे लागतात. 'कीरण' असं अंकशास्त्राच्या हिशेबासाठी लिहिणारेही भेटतात. मी त्यांना एवढंच सांगते, की मूळ शब्दात दीर्घ 'की' नाही.

हे मुलाचं नाव आहे की मुलीचं?

दोघांचं. लोकांना वाटतं तसं हे अलीकडच्या फॅशनमुळे झालेलं नाही.

शब्दाचं व्याकरण पाहा. संस्कृतात किरण पुल्लिंगी आहे. मराठीत 'आशेचा किरण' म्हणतो तेव्हा पुल्लिंगी, आणि 'सूर्याची कोवळी किरणे' लिहितो तेव्हा तोच शब्द नपुंसकलिंगी होतो. दोन्ही रूपं रुळलेली आहेत. गुजरातीत 'आशानुं किरण', म्हणजे नपुंसकलिंगी. हिंदीत 'आशा की किरण', म्हणजे स्त्रीलिंगी. एकच शब्द आपल्या देशात तिन्ही लिंगांत नांदतो. त्यामुळे 'व्याकरणाने हे पुरुषी नाव आहे' हा आक्षेप टिकत नाही. व्याकरणावरच जायचं तर 'रश्मि' हा शब्दही संस्कृतात पुल्लिंगीच आहे, पण आज रश्मी नावाचा मुलगा शोधून सापडायचा नाही. शब्दाचं लिंग आणि नावाचं लिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव कुणाचं हे ते ठेवणारे ठरवतात, आणि मराठी घरांनी हे नाव मुलगे आणि मुली दोघांनाही मोकळेपणाने दिलं आहे.

'मुलीला मुलाचं नाव कशाला?' असं एखादी आत्या म्हणेल. तिला दोन क्रिकेटपटू सांगा. भारतासाठी ४९ कसोटी सामने खेळलेले यष्टिरक्षक किरण मोरे, आणि सोलापूर जिल्ह्यातून पुढे आलेली किरण नवगिरे. २०२२ साली महिलांच्या देशांतर्गत टी-ट्वेंटी स्पर्धेत नागालँडकडून खेळताना तिने एका डावात १६२ धावा काढल्या. तोवर टी-ट्वेंटीत एवढी धावसंख्या कुठल्याही भारतीयाने, पुरुषानेही, केली नव्हती.

इतर राज्यांतही ते दोघांचं असतं का?

बहुतेक ठिकाणी, पण कल वेगवेगळा. गुजरातेत किरणभाई आणि किरणबेन दोन्ही सहज भेटतात. उत्तरेत शब्दच स्त्रीलिंगी, त्यामुळे मुलींकडे झुकाव जास्त. पाकिस्तानातही उर्दू बोलणाऱ्या घरांत हे मुलीचंच नाव आहे. तेलुगू आणि कन्नड मुलखात उलट: साईकिरण, रविकिरण, किरणकुमार अशी पुरुषांची नावं पुष्कळ. अखंड आंध्र प्रदेशाचे शेवटचे मुख्यमंत्री किरणकुमार रेड्डी होते. नेपाळातले कम्युनिस्ट नेते मोहन वैद्य 'किरण' या टोपणनावानेच ओळखले जातात.

शिखांची पद्धत मला सगळ्यांत नेटकी वाटते. त्यांच्याकडे बहुतेक नावं दोघांना चालतात. किरणदीप, किरणजीत ही मुलाचीही आणि मुलीचीही. पुढे 'सिंग' असेल तर पुरुष, 'कौर' असेल तर स्त्री.

या नावाची मोठी माणसं कोण?

यादी लांब होईल, म्हणून वेगवेगळ्या क्षेत्रांतली मोजकीच. १९७२ साली भारतीय पोलीस सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी झालेल्या किरण बेदी. १९७८ मध्ये बंगळूरला बायोकॉन सुरू करणाऱ्या किरण मजुमदार-शॉ. २००६ चं बुकर पारितोषिक मिळवणाऱ्या किरण देसाई. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत कादंबऱ्या लिहिणारे किरण नगरकर (१९४२–२०१९). दिग्दर्शक किरण राव, अभिनेत्री किरण खेर, अभिनेते किरणकुमार. दोन क्रिकेटपटू वर आलेच आहेत.

मराठी माणसाच्या कानात हा शब्द आणखी एका वाटेने बसला. १९२३ साली पुण्यात काही कवींनी एकत्र येऊन रविकिरण मंडळ स्थापन केलं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही त्यातली ठळक नावं, आणि मनोरमाबाई रानडे या कवयित्रीही मंडळात होत्या. कविता एकत्र बसून वाचायच्या, गाऊन दाखवायच्या, असा त्यांचा परिपाठ. त्यांच्यामुळे 'रविकिरण' हा शब्द शाळेच्या पुस्तकांतून घरोघर गेला.

हे नाव आता जुनं झालं का? किती लोकप्रिय आहे?

ब्रिटन किंवा अमेरिकेसारखी बाळांच्या नावांची सरकारी यादी आपल्याकडे दर वर्षी निघत नाही. त्यामुळे 'भारतात या नावाचा अमुकावा क्रमांक' असं कुणी छापलं असेल तर त्यावर विसंबू नका. मी माझ्या हाताखालून गेलेल्या हजेरीपटांवरून सांगू शकते. मी शाळेत होते तेव्हा आमच्या तुकडीत आम्ही तीन किरण होतो, दोन मुली आणि एक मुलगा. बाई हाक मारताना आडनाव जोडायच्या. आज माझ्या वर्गांत आरव, विहान, स्वरा, आराध्या आहेत, आणि गेल्या कित्येक वर्षांत किरण एखादाच आला. पालकसभेला मात्र दर वर्षी एखादे तरी किरण येतात. पिढी सरकली आहे, हे उघड आहे.

म्हणून नाव 'जुनाट' झालं असं मी म्हणणार नाही. वर्गात एकच किरण असेल तर बाईंना आडनाव जोडावं लागणार नाही, एवढं नक्की. जे नाव आजोबा, आई आणि शेजारचे काका या तिघांनीही वापरून पाहिलेलं आहे, त्याच्या आयुष्याची खात्री असते. पाच वर्षांपूर्वी कुणी ऐकलंही नव्हतं अशा नावाची तशी खात्री देता येत नाही.

किरण नावाची रास कोणती?

'कि' किंवा 'की' हे अक्षर मृग नक्षत्राच्या चौथ्या चरणाचं मानतात, म्हणून रास मिथुन. मृगाची चार अक्षरं वे, वो, का, की. पहिली दोन वृषभ राशीत जातात, पुढची दोन मिथुनेत.

बाळाचं नक्षत्र दुसरंच असेल तर किरण ठेवता येत नाही का, असा पुढचा प्रश्न हमखास येतो. येतं की. आपल्याकडे नावरस नाव वेगळं आणि व्यवहारातलं नाव वेगळं ही सोय जुनीच आहे. पत्रिकेत नावरस नाव लिहितात, पाळण्यात दुसरं ठेवतात. माझं नावरस नाव मला स्वतःला लग्न ठरेपर्यंत माहीत नव्हतं. पत्रिकेची घडी उलगडली तेव्हा कळलं.

हे नाव कोणत्या धर्माचं, जातीचं?

कुठल्याच नाही. त्यात देव नाही, कुळ नाही, पंथ नाही. महाराष्ट्रात हिंदू, बौद्ध, जैन, ख्रिस्ती अशा सगळ्या घरांत किरण आहेत. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय लग्न झालेली जोडपी मला विचारतात, की दोन्हीकडच्या आजी-आजोबांना आपलं वाटेल असं नाव सुचवा. माझं पहिलं उत्तर हेच असतं.

बाळ जन्मायच्या आधीच हे नाव ठरवून ठेवलं तर चालेल का?

चालेल, आणि मला तर हाच या नावाचा सगळ्यांत चांगला उपयोग वाटतो. आपल्याकडे गर्भलिंगनिदान गुन्हा आहे. महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. त्यामुळे पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे कुणी सांगायचं नसतं, विचारायचंही नसतं. अशा वेळी आई-बाबा दोन याद्या करतात. एकच नाव ठरवलं, तर त्या नऊ महिन्यांत पोटाशी बोलताना एका नावाने बोलता येतं. जे येईल ते आपलं किरण.

मला हे जिव्हाळ्याचं वाटतं, त्याला कारण आहे. सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या मुली होत्या. मुलगा हवा असताना झालेल्या, म्हणून नकोशा. २०११ मध्ये तिथे अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावं देण्यात आली. जन्मताना मिळालेल्या नावात आई-बापाची निराशा लिहिलेली असणं किती वाईट, ते त्या मुलींनाच माहीत.

आत्याने बारशाला कानात नाव सांगितलं तेव्हा आजी म्हणाल्या, 'नुसतं किरण नको, किरणकुमार किंवा किरणमयी म्हणा.' काय करावं?

आजींचा मान ठेवून पाळण्यात घाला हवं तर. बारशाला 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत चार-पाच नावं फिरतातच, आणि आत्या कानात 'कुर्रर्र' करून सांगते ते पहिलं. जन्मदाखल्यावर मात्र नुसतं 'किरण' लिहा, असं माझं मत आहे. किरणकुमार, किरणमयी, किरणबाला, किरणमाला ही नावं वाईट नाहीत. पण शेपूट जोडण्यामागे भीती असते, की लोकांना मुलगा-मुलगी कळणार नाही. न कळल्याने खरी अडचण कुठे येते आणि ती कशी सोडवायची ते खाली कागदपत्रांच्या प्रश्नात लिहिलं आहे. त्यासाठी नाव लांबवायची गरज नाही. शेपूट व्यवहारात गळूनच पडतं. शाळेत दुसऱ्या दिवसापासून सगळे 'किरण'च म्हणणार.

पुढे जोडण्याऐवजी मागे जोडून बनलेली नावं, रविकिरण, चंद्रकिरण, शशिकिरण, ही स्वतंत्र आहेत आणि ती बहुधा मुलांनाच ठेवतात.

घरी काय हाक मारतात? शाळेत चिडवतील का?

घरी किरू, मित्रांत किऱ्या. विज्ञानाच्या तासाला क्ष-किरण आले की आठवडाभर 'एक्स-रे, एक्स-रे' होतं, मग मुलं विसरतात. यापेक्षा जास्त काही मी पाहिलेलं नाही.

'किरणने' म्हणायचं की 'किरणाने'?

माणूस असेल तर किरणने, किरणला, किरणचा. उजेड असेल तर किरणाने, किरणाला, किरणाचा. जुन्या मराठीत माणसांच्या नावांचंही सामान्यरूप सर्रास व्हायचं, 'रामाने', 'गोविंदाला'. आज नव्या नावांना ते लावत नाहीत, आणि त्यातूनच ही सोय तयार झाली. 'किरणाने खोली उजळली' म्हणजे ऊन आलं. 'किरणने खोली उजळली' म्हणजे आमच्या किरणने दिवा लावला. एका कान्याचा फरक. वर्गात सामान्यरूप शिकवताना मी हेच उदाहरण देते.

ओळख नसलेल्या किरणला पत्र किंवा मेल लिहायचा आहे. 'श्री.' लिहू की 'श्रीमती'?

दोन्ही नको. मराठीत सुंदर वाट आहे: 'किरण पाटील यांस', 'किरण पाटील यांना सप्रेम नमस्कार'. आदरार्थी 'यांना', 'यांनी', 'त्यांचा' यांत स्त्री-पुरुष कळत नाही. वाक्यही थोडं सांभाळायचं. 'किरण म्हणाला' किंवा 'म्हणाली' यात लिंग उघड होतं, 'किरण येतो' आणि 'किरण येते' यातही. पण 'किरण यांनी पत्र लिहिलं' यात क्रियापद पत्राच्या मागे जातं आणि 'किरण येतील' यात भविष्यकाळ सगळं पोटात ठेवतो. बातम्या लिहिणारे लोक हे नकळत रोज करतात.

मधल्या नावावरून अंदाज बांधू नका. 'किरण सुरेश पाटील' हा सुरेशचा मुलगा असेल, मुलगी असेल किंवा बायकोही असेल.

कागदपत्रांत मुलाच्या जागी मुलगी किंवा उलट पडलं तर?

हा या नावाचा एकमेव खरा त्रास, आणि तो मी भोगला आहे. बारावीनंतर शहरातल्या एका वसतिगृहात अर्ज केला होता. यादी लागली तेव्हा माझं नाव मुलींच्या यादीत नव्हतं. बाबा पहाटेच्या एसटीने माझ्याबरोबर आले. दोन खिडक्यांवर 'नाव नाही' ऐकून झाल्यावर शेवटी मुलांच्या यादीत सापडलं, खोली क्रमांकासकट. अर्जावर फोटो होता, 'स्त्री' या चौकोनात खूण होती. यादी करणाऱ्याने फक्त नाव वाचलं होतं. दुरुस्ती होईपर्यंत मुलींच्या खोल्या भरल्या आणि पहिलं सत्र मी मावशीच्या ओळखीच्यांकडे काढलं. परतीच्या वाटेवर मी बाबांना म्हटलं, नाव बदलून टाकू. ते म्हणाले, 'नाव बरोबर आहे, यादी चुकली होती.' विषय तिथेच संपला.

यातून शिकलेलं सांगते. जन्मनोंद झाली की दाखला हातात घेऊन तिथल्या तिथे लिंगाचा रकाना वाचा. चूक असेल तर जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या कलम १५ खाली निबंधकाला नोंद दुरुस्त करता येते, आणि हे काम बाळ लहान असताना सोपं जातं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, पारपत्र, वाहनपरवाना अशा सगळ्या कामांना जन्मदाखला हाच मुख्य पुरावा धरतात, त्यामुळे तिथली चूक सगळीकडे उतरते. आधारवर लिंगाची नोंद साधारणपणे एकदाच बदलून मिळते, तेव्हा ती एक संधी घाईत वाया घालवू नका. परीक्षेचं प्रवेशपत्र, रेल्वेचं आरक्षण, रुग्णालयाचा केसपेपर या ठिकाणी दर वेळी तो रकाना डोळ्यांनी पाहायचा. मुलाला किंवा मुलीलाही ही सवय लहानपणीच लावा.

नाव अजून पक्कं नाही. जन्मनोंदणी थांबवावी का?

थांबवू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते आणि ती नावाशिवाय होते. नाव नंतर घालता येतं: बारा महिन्यांच्या आत शुल्क न भरता, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नावही येतं. आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम. वर सांगितलेली लिंगाच्या रकान्याची काळजी तेव्हाही घ्या.

कोल्हापूरच्या किरणोत्सवाशी या नावाचा संबंध आहे का?

शब्द तोच. नाव त्यावरून पडलं असं नाही, पण कोल्हापूरकडच्या घरांत अंबाबाईची आठवण म्हणून हे नाव ठेवणारे मला भेटले आहेत, आणि त्यांचं कारण ऐकून बरं वाटतं. देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचं ऊन महाद्वारातून, गरुडमंडपातून सरळ गाभाऱ्यात जातं. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागापर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. ढग असले, हवेत धुरळा असला किंवा वाटेत बांधकामाचा अडथळा आला तर किरण मध्येच अडतात. मी गेले होते तेव्हा ऊन कमरेपर्यंत चढलं आणि विझलं. मंडपातले शेकडो लोक तेवढा वेळ श्वास धरून उभे होते.

आम्ही परदेशात राहतो. इथे सगळे 'कीरन' म्हणतात. ते आपलंच नाव आहे का?

नाही. कीरन हे आयर्लंडचं वेगळं नाव आहे. तिथल्या भाषेत 'कीअर' म्हणजे काळा, त्याला लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागून झालेला शब्द, म्हणजे 'काळुंद्रा', 'सावळ्या'. सहाव्या शतकात तिथे कीरन नावाचे संत होऊन गेले. अर्थाने दोन्ही नावं एकमेकांच्या अगदी उलट, एक उजेड आणि एक काळोखी छटा, पण कानाला जवळजवळ सारखी. तिकडे ते मुलाचंच धरतात, म्हणून मुलीचं नाव किरण असेल तर शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा. रोमन अक्षरांत के-आय-आर-ए-एन एवढंच ठेवा. आयरिश नावासारखी जास्तीची अक्षरं घातली तर तेच नाव समजून तसंच लिहिलं जाईल. ण मात्र तिकडे कुणाला जमायचा नाही. घरी तुम्ही नीट म्हणा, पोराच्या कानावर तो राहील.

किरणसारखी दोघांना चालणारी आणखी मराठी नावं सांगा.

सुहास: कादंबरीकार सुहास शिरवळकर आणि अभिनेत्री सुहास जोशी. माणिक: गायिका माणिक वर्मा, आणि 'ग्रेस' या नावाने लिहिणारे कवी माणिक गोडघाटे. कमल, सुमन, शशी हीसुद्धा. यातली बरीचशी मागच्या पिढीची आहेत, पण माणिक हे नाव पुन्हा यावं असं मला मनापासून वाटतं.

नवरा-बायको दोघांचंही नाव किरण असेल तर?

असं जोडपं मी पाहिलं आहे. पत्रिकेत 'चि. किरण' आणि 'चि. सौ. कां. किरण' असं छापलं होतं आणि पाहुण्यांनी छपाईची चूक समजून फोन केले. पुढे प्रश्न येतो तो नावाचा. पद्धतीप्रमाणे बायकोने नवऱ्याचं नाव मधे लावलं तर 'किरण किरण' होतं, आणि बँकेतला माणूस एक खोडून टाकतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे नाव न बदलणं. लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदलायची कायद्याने सक्ती नाही. माहेरचं नाव तसंच ठेवलं तर राजपत्रात जाहिरात देणं, सगळे पुरावे नव्याने काढणं हेही वाचतं. काही घरांत नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायची रीत अजून पाळतात. या जोडप्यातल्या नवऱ्याने तांदळात पुन्हा 'किरण'च लिहिलं. मग उखाण्याचा आग्रह झाला, तेव्हा नवरीने घेतला तो असा:

अंगणात तुळस, तुळशीवर ऊन,
किरणचं नाव घेते, किरणच होऊन.